पाथरवटांच्या आवारात पट्टी आणि हात

शहराचं चित्र काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा खिडक्यांमध्ये हरतो. पहिली इमारत हौसेने होते, दुसरीच्या चौथ्या खिडकीशी अंदाज चुकतो आणि तिसरी इमारत उरलेल्या जागेत कोंबावी लागते. यावर जुना उपाय आहे: ज्याला हे जमलं होतं त्याचं चित्र समोर ठेवून नक्कल करायची. 'नक्कल' हा शब्द आपल्याकडे परीक्षेतल्या कॉपीमुळे बदनाम झाला. गायकीत मात्र गुरूची तान हजारदा गिरवणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.

नक्कल कुणाची करायची, हा प्रश्न मोठा. माझं मत अठराव्या शतकातल्या वेनिसच्या कानालेत्तो या चित्रकाराच्या बाजूने आहे. त्यातही ग्रँड कॅनॉल या तिथल्या मोठ्या कालव्यावरच्या नौकांच्या शर्यतींची झगमगीत दृश्यं मी बाजूला ठेवेन आणि 'स्टोनमेसन्स यार्ड' या नावाने ओळखलं जाणारं चित्र घेईन. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, साधारण 1725 च्या सुमाराचं, तैलरंगातलं, 123.8 बाय 162.9 सेंटिमीटर. वेनिसमधल्या सान विदाल चौकात पाथरवटांनी तात्पुरतं आवार मांडलंय. लाकडी छपऱ्या, घडायला आणलेले दगड, विहिरीवर पाणी भरणारी बाई. मागे कालव्याची अरुंद पट्टी आणि पलीकडे सांता मारिया देल्ला कारिता हे विटांचं चर्च, शेजारी त्याचा घंटाघर-मनोरा. डावीकडे एक मूल पडलंय आणि आई धावतेय. दिमाखदार असं काहीच नाही, म्हणून शिकायला उत्तम. दिमाख असला की आपण दिमाखच काढत बसतो.

आणखी एक सोय आहे, जरा विचित्र. तो मनोरा 1744 मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. चर्चची इमारत आता आकादेमिया या कलासंग्रहालयाचा भाग आहे आणि चौकाच्या बाजूने आज आकादेमियाचा लाकडी पूल कालव्यावर चढतो. त्यामुळे आजचा फोटो पाहून 'दुरुस्ती' करायची सोय नाही. जे कळायचं ते चित्रातूनच.

माप

चित्राची रुंदी उंचीच्या 1.316 पट आहे. ए-फोर कागदावर प्रिंट काढताना रुंदी बरोबर 24 सेंमी ठेवा, उंची 18.24 येते. प्रिंटरची 'फिट टू पेज' सोय बंद करा, ती आपण ठरवलेलं माप परस्पर बदलून टाकते. शिवाय नेटवरच्या बऱ्याच प्रतींच्या कडा कापलेल्या असतात, म्हणून प्रत गॅलरीच्याच संकेतस्थळावरची घ्यावी. आपली नक्कल ए-थ्री कागदावर, 36 बाय 27.36 सेंमी, म्हणजे प्रिंटच्या बरोबर दीडपट. प्रिंटवर 3 सेंमीचे चौकोन, कागदावर साडेचारचे. आडवे 8, उभे 6. खाली प्रिंटवर 2.4 मिमी आणि कागदावर 3.6 मिमीची पट्टी उरते. ती उरू द्या. ती 'अॅडजस्ट' करायला गेलात तर सगळे चौकोन आयत होतात आणि मनोरा बसका होतो.

कागद 300 ग्रॅमचा, गुळगुळीत पोताचा. पातळ कार्ट्रिज पेपर पेनला चालतो, पण वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा पातळ हात, पडला की त्याचे पापड होतात. रेखाटनाला 2एच, बारकाव्याला एचबी. काळ्या शाईचे पिगमेंट पेन 0.1, 0.3 आणि 0.5. टी-स्क्वेअर, दोन गुणे, कंपास, मास्किंग टेप, मऊ खोडरबर, 4 आणि 8 नंबरचे गोल ब्रश. पेनवर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय यावर विसंबू नका. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ ओढा, पाच मिनिटं थांबा आणि ओला ब्रश फिरवून बघा. हा प्रयोग न करता दहा तासांचं काम एका ब्रशफटक्यात धूसर करणारे लोक कमी नाहीत.

आता एक हिशेब, ज्याच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तुमच्या कागदावरचा 1 मिमी म्हणजे मूळ कॅनव्हासवरचे साडेचार मिमी. तुमची 0.3 ची रेघ तिथे जवळपास दीड मिमी जाडीची ठरते. म्हणजे कानालेत्तोने टोकदार ब्रशने जे बारीक काढलं, ते तुमच्या मापात बसणारच नाही. कुठे काय गाळायचं हे पहिल्या दिवसापासून ठरवावं लागतं. नक्कल यांत्रिक राहू शकत नाही, याचं कारण हे साधं गणित आहे.

डोळ्याची पातळी

चौकोन आखून झाले की बहुतेकजण डाव्या कोपऱ्यातून एकेक चौकोन भरत सुटतात. असं केलं तर चित्र उतरतं, शिकणं उतरत नाही. चौकोन तपासायला आहेत, काढायला नाहीत. आधी शोधायची ती क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी.

ती शोधायच्या दोन खुणा. आवारातल्या दगडांच्या वरच्या बाजू दिसतात का ते बघा. दिसतात, म्हणजे डोळा त्यांच्या वर आहे. मग माणसांची डोकी बघा. बघणारा त्याच जमिनीवर उभा असता, तर जवळच्या आणि लांबच्या उभ्या माणसांची डोकी साधारण एका आडव्या रेषेत आली असती. इथे लांबची माणसं वर सरकत जातात. याचा अर्थ दृश्य उंचावरून, वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिल्यासारखं आहे. मग इमारतींच्या आडव्या रेषा तपासा. ज्या कडा मागे जाताना खाली उतरतात त्या डोळ्याच्या वर, ज्या चढतात त्या खाली. मधे कुठेतरी जी रेषा सपाट राहते, तिथे क्षितिज. कागदावर ती रेषा 2एचने पूर्ण रुंदीत ओढा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना घनांची चित्रं आठवत असतील. पाथरवटाचं आवार हा त्याच घनांचा मोठा बाजार आहे. प्रत्येक दगड आपापल्या कोनात पडलाय, म्हणून प्रत्येकाचे लोपबिंदू, म्हणजे मागे जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, वेगळे. पण जमिनीवर सपाट पडलेल्या प्रत्येक दगडाचे लोपबिंदू त्या एकाच क्षितिजरेषेवर. मुख्य नकलेला हात लावण्याआधी यातले पाच दगड वेगळ्या कागदावर, मुठीएवढे मोठे करून काढा. एखाद्या दगडाची वरची बाजू घसरगुंडीसारखी दिसली, तर त्याचा लोपबिंदू क्षितिजाच्या वर किंवा खाली गेलेला असतो. दुसरं कारण सहसा नसतं. (टेकवून ठेवलेला तिरका दगड याला अपवाद. तो शेवटी घ्या.)

इमारतींच्या रेषा वाढवायला लागलात की गोंधळ सुरू होतो: सगळ्या एका बिंदूत जात नाहीत. आपण पट्टी बदलतो, चष्मा पुसतो. चूक आपली नाही. एक तर वेनिसची घरं कालव्यांच्या वळणांना धरून बांधली गेली, ती एकमेकांना समांतर नाहीतच. दुसरं, कानालेत्तो एकाच जागी खिळून काढत नसे. आकादेमियात त्याची एक चित्रवही आहे. तिच्यात त्याने कालव्याचे काठ तुकड्यातुकड्याने, पानाला पान जोडत टिपले आणि भिंतींच्या रंगाच्या, साहित्याच्या खुणा जागच्या जागी लिहून ठेवल्या. पुढे स्टुडिओत असे तुकडे जोडताना तो कालवा रुंद करी, इमारत थोडी सरकवी, दोन ठिकाणांहून दिसणारं एकत्र आणी. नकलेत आपल्याला हे सांधे सापडतात. दोन शेजारच्या इमारतींच्या रेषा क्षितिजावर फारच वेगळ्या ठिकाणी पोचत असतील, तर तिथे पेन्सिलीने बारीक फुली करा. त्या फुल्यांचा नकाशा म्हणजे चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांचा नकाशा. नुसतं बघून तो कुणालाच दिसत नाही. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा नक्कल करावी.

कॅमेरा ऑब्स्क्युराचा, म्हणजे समोरचं दृश्य भिंगातून कागदावर पाडणाऱ्या पेटीचा, विषय इथे निघतोच. वेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात 'ए. कानाल' असं नाव असलेली तशी पेटी आहे, म्हणून 'तो काय, भिंगातून ट्रेस करायचा' असं म्हणायची पद्धत पडली. ब्रिटनच्या राजसंग्रहातल्या त्याच्या रेखाटनांवर अवरक्त किरणांनी पाहिलं, तेव्हा शाईखाली पेन्सिलीची तपशीलवार आखणी दिसली. पट्टीने ओढलेल्या रेषाही. पेटी वापरली असेल, नसेल. आखणी मात्र त्याने केली होती आणि आपल्यालाही तीच करायची आहे.

टेबलाच्या बाहेरचे बिंदू

शहराच्या चित्रातले लोपबिंदू कागदाच्या पार बाहेर पडतात. ते जबरदस्तीने कागदावर आणले की इमारती जहाजाच्या नाकासारख्या टोकदार होतात. नवशिक्याच्या चित्राची ही पहिली ओळख. दोन मार्ग आहेत. बोर्ड जमिनीवर ठेवायचा, क्षितिजरेषा लादीवर मास्किंग टेपने पुढे वाढवायची आणि बिंदूवर चिकटवलेला दोरा ताणून प्रत्येक रेषेची दिशा बघायची. पाठ दुखते, पण डोक्यात पक्कं बसतं.

दुसरा मार्ग कडा वाटून घेण्याचा. आकडे उदाहरणादाखल घेऊ. एखाद्या इमारतीची छताखालची कड वाढवली तर आपल्या 36 सेंमीच्या चौकटीच्या डाव्या कडेला ती क्षितिजापासून 9 सेंमी वर आहे आणि उजव्या कडेला 6 सेंमी वर. दोन्ही अंतरांचे सहा-सहा सारखे भाग करा: डावीकडे दीड सेंमीचे, उजवीकडे एक सेंमीचे. पहिली खूण पहिलीला, दुसरी दुसरीला जोडत जा. या सगळ्या रेषा उजव्या कडेच्या 72 सेंमी बाहेर, कुठेतरी खुर्चीच्या पाठीवर, एकाच बिंदूत मिळतात. तुम्हाला तिथवर जावं लागत नाही. क्षितिजाखाली त्याच मापाने पुढे चालायचं. खिडक्यांचे माथे, उंबरे, पट्ट्या, सगळं या जाळ्यात बसतं.

मग खिडक्यांमधली अंतरं. सारखी अंतरं मोजून टाकली की भिंत मागे जायचं थांबते आणि पुठ्ठ्यासारखी उभी राहते. वाड्याच्या भाषेत बोलायचं तर पहिला खण, म्हणजे दोन उभ्या रेषांमधला भिंतीचा भाग, डोळ्याने घ्या, पुढचे खण आपोआप येतात. पहिल्या खणाच्या दूरच्या उभ्या रेषेचा मध्य काढा. जवळच्या उभ्या रेषेच्या वरच्या टोकापासून त्या मध्यातून जाणारी रेघ (दोन खणांचा कर्ण) खालच्या रेषेपर्यंत न्या. ती जिथे टेकते तिथे दुसऱ्या खणाची उभी रेषा. याच पद्धतीने तिसरा, चौथा. मग चौकोनांशी ताडून बघा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी पहिला खण तपासा, कारण तिथली अर्ध्या मिमीची चूक प्रत्येक खणाला वाढत जाते. पहिला खण बरोबर असूनही फरक राहिला, तर खिडक्या मुळातच सारख्या अंतरावर नाहीत. वेनिसमध्ये हे नेहमीचं आहे. अशा वेळी चित्राचं ऐकायचं, गणिताचं नाही.

कमानींचं थोडक्यात. समोरासमोर असलेल्या भिंतीवरची कमान कंपासने काढावी. कानालेत्तोच्या चित्रांत कंपासच्या टोकाच्या आणि पट्टीने कोरलेल्या रेषांच्या खुणा सापडतात, तेव्हा लाजायचं कारण नाही. मागे जाणाऱ्या भिंतीवर मात्र कंपास बाजूला ठेवायचा. कमानीचा चौकोन आखून त्याचे कर्ण काढा. जिथे छेदतात त्याच्या वर कमानीचा माथा येतो आणि दूरचा अर्धा भाग जवळच्यापेक्षा अरुंद होतो. माथा मधोमध ठेवला की कमान बाहेर पडल्यासारखी दिसते.

उभ्या रेषा उभ्याच. मनोऱ्याची प्रत्येक कड टी-स्क्वेअर आणि गुण्याने. मोबाइलवर काढलेल्या फोटोंनी आपल्या डोळ्यांना वर निमुळते होत जाणारे मनोरे सवयीचे करून टाकलेत. या चित्रात तसं नाही आणि हात नकळत तसं करतो. बोर्ड उलटा धरून बघा, कललेलं लगेच कळतं.

पट्टी ठेवून द्या

इथवर पाच-सहा तास जातील, दोन-तीन बैठकांत. पेन्सिलीचं काम पूर्ण झालं की पट्टी कपाटात. शाई हातानेच.

याचं कारण कानालेत्तोच्या रेखाटनांतच आहे. खाली पेन्सिलीची आखलेली रेघ, वर शाईची मोकळी. शाईची रेघ आखणीच्या अगदी जवळून जाते, पण थरथरते, मधेच तुटते, कोपऱ्याशी थोडी जाड होते. म्हणून त्याची घरं बांधलेली वाटतात, छापलेली नाही. शाईलाही पट्टी लावली तर चित्र मंजुरीला पाठवलेल्या प्लॅनसारखं होतं. आणि पेन्सिलीलाही पट्टी लावली नाही तर घरं पावसात भिजलेल्या खोक्यांसारखी. दोन्ही लागतात, पण एका वेळी नाही.

लांबची इमारत 0.1 ने, मधली 0.3 ने, पुढच्या छपऱ्या आणि दगड 0.5 ने. मागून पुढे या. पुढून मागे गेलात तर जाड रेघेला शोभावं म्हणून मागचंही जाड होत जातं. लांब आडवी रेघ एका दमात ओढू नका. सात-आठ सेंमीवर थांबा, केसाएवढी फट सोडा, पुढे जा. उन्हातल्या कडेला फटी जास्त, सावलीतल्या कडेला रेघ सलग.

विटांची भिंत हा मोठा सापळा. चर्चच्या भिंतीवर वीट न् वीट काढायची खुमखुमी येते. तीन-तीन, चार-चार विटांचे पुंजके फक्त कोपऱ्यांशी, खिडक्यांच्या कडांना आणि गिलावा उडालेल्या जागी द्यावेत. पूर्ण भिंतीला पंधरा-वीस पुंजके पुरतात, बाकी भिंत डोळा स्वतः बांधतो. कौलांचंही तसंच: कडेची ओळ नीट, मधे ओळींचा नुसता इशारा. धुराड्यांवर मात्र वेळ घालवा. वेनिसचं धुराडं वर नरसाळ्यासारखं फुलतं, ठिणग्या बाहेर उडू नयेत म्हणून. ती चारदोन धुराडी बरोबर जमली की शहर ओळखू येतं. चुकली तर कुठलंही युरोपी गाव.

माणसं सर्वात शेवटी. जवळून पाहिलं तर कानालेत्तोची लांबची माणसं म्हणजे रंगाचे तीन-चार ठिपके आहेत: डोकं, खांदे, कपड्याचा एक फटकारा. तुमच्या मापात ती आणखी लहान. डोळे-नाक काढायला गेलात की माणसाचा मुंगळा होतो. पण त्यांची उंची अचूक हवी, कारण दरवाजा केवढा आणि चर्च केवढं हे तीच सांगतात. शेजारच्या दरवाज्याशी ताडून बघा.

राखाडी

रंगाच्या मागे पहिल्या नकलेत लागू नये. मूळ चित्र तांबूस-तपकिरी अस्तरावर रंगवलंय आणि आकाशात प्रशियन निळा आहे, तेव्हा अगदी नवा असलेला रंग. त्या उबदार अस्तरामुळे सावल्या मिटत नाहीत. पांढऱ्या कागदावर जलरंगात ते साधायला जाणं म्हणजे वेगळीच लढाई. त्याऐवजी त्याच्या रेखाटनांसारखा राखाडी वॉश घ्या.

काळ्या शाईच्या तीन वाट्या: 1 थेंबाला 20 थेंब पाणी, 1 ला 8 आणि 1 ला 3. उजेड डावीकडून येतोय. पहिला, सर्वात फिका वॉश सगळ्या सावल्यांवर एकदम टाका, प्रत्येक इमारतीला वेगळा नाही. बोर्ड पुस्तकावर टेकवून थोडा उताराला ठेवा, ब्रश भरलेला ठेवा आणि ओली कड खाली ओढत आणा. मागे वळून 'नीट' करायला गेलात की फुलकोबीसारखे डाग उमटतात. वाळायला पंधरा-वीस मिनिटं. मुंबईच्या जुलैत तासभर धरा. कागद हाताच्या पाठीला गार लागला तर आत अजून ओल आहे. दुसरा वॉश भिंतीवर पडलेल्या सावल्यांना, तिसरा फक्त छपऱ्यांच्या पोटात आणि दारांच्या अंधारात. पूर्ण चित्रात तिसऱ्या वॉशची जागा तळहातापेक्षा जास्त नको. आणि घडलेल्या दगडांचे उन्हातले माथे कोरे. इथे कोरा कागद हाच सर्वात उजळ रंग आहे. तो एकदा घालवला की परत येत नाही.

दुसरी प्रत

पहिली नक्कल झाली की ती उलटी करून ठेवावी आणि आठवड्याने त्याच चित्राची 18 बाय 13.7 सेंमीची छोटी प्रत काढावी. चौकोन न आखता, मूळ चित्र न बघता. क्षितिज, मनोरा, छपरी, दगडांचे दोन-तीन गट. जे आठवलं ते शिकलात. जे आठवलं नाही ते नुसतं उतरवलं होतं.

कानालेत्तोचा भाचा बेर्नार्दो बेलोत्तो मामाच्याच कामशाळेत, मामाची दृश्यं गिरवत घडला. पुढे पोलंडच्या राजासाठी त्याने वॉर्साचे रस्ते रंगवले आणि दुसऱ्या महायुद्धात ते शहर बेचिराख झाल्यावर पुनर्बांधणीत त्या चित्रांचा आधार घेतला गेला. त्याचे खण-खिडक्यांचे हिशेब किती पक्के असतील, याचा यावरून अंदाज यावा.

आपल्या गल्लीत उतरायचं असेल तर गिरगावातली एखादी चाळ चांगली. समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे डोळ्याची पातळी पुन्हा उंच. लांबलचक गॅलरी, सारखे खांब, कठड्याचे शेकडो गज. पहिला खण डोळ्याने, पुढचे कर्णाने, गज फक्त दोन खणांत पूर्ण आणि बाकीच्यांत इशारा. वाळत घातलेले कपडे मात्र आखायचे नाहीत, ते थेट शाईने. आणि सकाळी साडेदहाच्या आत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने टिपून घ्या, कारण कानालेत्तोचं ऊन कॅनव्हासवर थांबलेलं आहे, गिरगावातलं सरकतं.